क्लबात नवीन आलात? आधी पंचांग उघडा

दरवर्षी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तालुक्याच्या गावात रोटरी, लायन्ससारख्या सेवाभावी क्लबांचा हा प्रसंग ठरलेला. मंगल कार्यालयाबाहेर फ्लेक्स, आत पदग्रहण, मावळत्या अध्यक्षांच्या गळ्यातली कॉलर नव्या अध्यक्षांच्या गळ्यात, मग लांबलेली भाषणं आणि गार झालेलं जेवण. त्याच कार्यक्रमात पाच-सात नव्या सभासदांना पिन लावतात. तुम्ही त्यांतले एक असाल किंवा पुढच्या वर्षी होणार असाल, तर हे तुमच्यासाठी. मी आमच्या क्लबात आलो तेव्हा मला पिन मिळाली, सभासदांची यादी मिळाली, वर्गणीची पावती मिळाली. वर्षभर नेमकं काय, कधी आणि कसं करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. ते चुकत चुकत कळलं.

सगळ्यात मोठी चूक कॅलेंडरची होते. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्सही तिथलीच, १९१७ची. दोघांचं वर्ष १ जुलै ते ३० जून. आपल्याकडची गरज मात्र मृग, गणपती, कारखान्यांचं गाळप, हुरडा आणि वैशाखातली टंचाई या क्रमाने येते. नवी टीम जुलैत खुर्चीत बसते आणि ‘आता या वर्षी काय करायचं?’ अशी सुरुवात करते, तोवर पावसाळ्यातली अर्धी कामं हातची गेलेली असतात. म्हणून नव्या सभासदाने क्लबाचं पुस्तक नंतर वाचलं तरी चालेल. भिंतीवरचं कॅलेंडर आधी बघावं.

आमचं गाव माउलींच्या पालखीच्या वाटेवर, साताऱ्याच्या अंगाला. आजूबाजूला उसाचा पट्टा आणि थोडं पुढे गेलं की ज्वारीची जिरायती गावं. तुमचं गाव कोकणात किंवा विदर्भात असेल तर कामं बदलतील, पण पद्धत तीच लागेल.

आत येण्याआधी

सभासद होण्यासाठी सहसा कुणीतरी जुना सभासद तुमचं नाव सुचवतो. तो नेतो म्हणून लगेच फॉर्म भरू नका. पाहुणा म्हणून दोन-तीन मीटिंगना जाऊन बसा आणि मीटिंगमध्ये कोण काय बोलतं यापेक्षा मीटिंगनंतर चहा पिताना काय बोलतात ते ऐका. तिथे झालेल्या कामाची गोष्ट निघत असेल तर क्लब बरा. नुसतं पुढचा अध्यक्ष कोण, डिस्ट्रिक्टला, म्हणजे अनेक क्लबांच्या वरच्या विभागाला, कोण उभा राहतोय, एवढंच चालत असेल तर आणखी एक क्लब बघा. बऱ्याच तालुक्यांच्या गावी रोटरी, लायन्स, जेसीज यांतले दोन तरी असतातच.

वर्गणीचं स्पष्ट विचारायला लाजू नका. आकडा सांगतात त्यात आंतरराष्ट्रीय आणि डिस्ट्रिक्टचा वाटा असतो, मीटिंगचं जेवण असतं. त्याशिवाय वाढदिवसाला हॅपी बॉक्स नावाच्या डब्यात टाकायचे पैसे, कॉन्फरन्सची नोंदणी, उपक्रमाला ‘आपापल्या परीने’ द्यायचे पैसे हे सगळं वेगळं, आणि ते आधी कुणी बोलत नाही. झेपत नसेल तर तसं सांगा. तरुणांसाठी रोटरीचे रोटरॅक्ट आणि लायन्सचे लिओ क्लब आहेत. खर्च कमी आणि खरं सांगायचं तर धावपळ तेच जास्त करतात. बायकांनी संकोच करू नये. १९८९पर्यंत रोटरीत बायकांना सभासदत्व नव्हतं. आज आमच्याकडचे निम्मे उपक्रम त्याच चालवतात, आणि हिशेबही त्यांचेच वेळेत येतात.

एक गोष्ट पहिल्याच महिन्यात समजून घ्या. नीट चाललेल्या क्लबात दोन खाती असतात. एक क्लब चालवण्याचं, म्हणजे जेवण, हॉल, टपाल. दुसरं उपक्रमांचं, ज्यात लोकांनी दिलेले पैसे येतात. दुसऱ्या खात्यातला रुपयाही पहिल्यात जाता कामा नये. तुम्ही कुणाकडून देणगी आणणार असाल तर ट्रस्टची पावती मिळेल का आणि देणगीवरच्या आयकर सवलतीची सोय आहे का, हे विचारून मगच आणा. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोखीने घेतली तर देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. व्यापारी मित्र हे विसरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइनच घ्या.

आणि पहिल्या वर्षी कंटाळवाणं काम मागून घ्या: नोंदवही, फोन करणं, सामान मोजणं. क्लबातले जुने लोक पल्स पोलिओच्या आठवणी काढतात, त्या भाषणांच्या नसतात. पाच वर्षांखालचं एकही पोर सुटू नये म्हणून घराघराच्या भिंतीवर खडूने केलेल्या खुणा आणि करंगळीवर लावलेली शाई, अशाच असतात. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडला, तो या मोजदादीमुळेच ‘शेवटचा’ म्हणता आला.

पालखी

आषाढी कधी येते ते आधी बघा. २०२३ला ती २९ जूनला होती, २०२४ला १७ जुलैला, २०२५ला ६ जुलैला. २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे ती थेट २५ जुलैला गेली. पालखी आमच्याकडे एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी येते. म्हणजे कधी ती मावळत्या अध्यक्षांच्या काळात पडते, कधी नव्यांच्या. जुलैत आली की मावळते म्हणतात, ‘ते आता नव्यांनी बघायचं,’ आणि नवे म्हणतात, ‘आम्ही कालच तर बसलो.’ यावर उपाय एकच. पालखीची समिती अध्यक्षांच्या वर्षाला बांधायची नाही. चार माणसं तीन वर्षांसाठी नेमायची, अध्यक्ष कुणीही असो.

वारकऱ्यांसाठी औषधोपचाराचा मंडप टाकायचा तर तयारी दीड महिना आधी. गावातल्या डॉक्टरांना तारीख देऊन ठेवा, कारण त्या दिवशी त्यांना सगळेच बोलावतात. औषधविक्रेत्यांच्या संघटनेला भेटा, मदत करतात, पण आलेल्या प्रत्येक खोक्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा. नगरपालिकेला आणि पोलिसांना मंडपाच्या जागेचं पत्र द्या. जागा रस्त्याला लागून हवी, पण रस्त्यात नको.

सामान काय? सर्दी-तापाच्या गोळ्या सगळेच आणतात. कमी पडतात त्या गोष्टी वेगळ्याच: पायाच्या फोडांसाठी ड्रेसिंगचं साहित्य, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, गुडघ्याला चोळायचं तेल, कोमट पाण्याच्या पराती आणि बसायला बाकं. बाकं सगळ्यांत महत्त्वाची. चालून आलेल्या माणसाला खाली बसवलं तर उठताना तो दोनदा विठ्ठलाचं नाव घेतो. फोड आपण फोडायचे नाहीत, ते डॉक्टरांवर सोडा. चपला शिवणारे दोन कारागीर दिवसभरासाठी मजुरी देऊन मंडपात बसवा. आमच्याकडे डॉक्टरांपेक्षा मोठी रांग त्यांच्यापुढे लागते.

एका वर्षी परभणीकडच्या एक आजी आल्या. ‘गोळी दे माउली, बीपीची.’ कोणती, विचारलं तर म्हणाल्या, ‘बारकी, पांढरी.’ बीपीची निम्मी औषधं बारकी आणि पांढरीच असतात. मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि आतून रिकामं पाकीट काढलं, घड्या घालून घालून नाव जवळजवळ पुसलेलं. टेबलावरचा पोरगा मोबाइलच्या उजेडात तिरकं धरून वाचत बसला आणि शेवटी अर्धं नाव लागलं. तेव्हापासून आमच्या मंडपात एक टेबल फक्त संपलेल्या औषधांचं असतं. तिथे बीपी-शुगर तपासायची, पाकीट किंवा जुनी चिठ्ठी बघायची, डॉक्टरांनी सांगितलं तर पंढरपूरपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या द्यायच्या आणि कागदावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून द्यायचं.

दोन सूचना. दिंडी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे रांग वीस मिनिटांहून लांबली तर माणसं निघून जातात. आणि खाऊ वाटण्याआधी दिंडीच्या चालकांना विचारा. नाक्यानाक्यावर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू मिळून सकाळी दहालाच त्यांच्या पिशव्या भरलेल्या असतात. तुमची केळी पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला दिसली तर दोष वारकऱ्यांचा नाही. तिथे सगळ्यांना माउली म्हणतात, पोलिसालाही आणि तुमच्या अध्यक्षांनाही. अध्यक्षांचा सत्कार तेवढा त्या दिवशी टाळा.

झाडं आणि वह्या

झाडं लावायला पाऊस सुरू झाल्यावर खड्डे घेतात, ही नेहमीची गडबड. दोन बाय दोन बाय दोन फुटांचे खड्डे वैशाखात घ्यायचे, महिनाभर तापू द्यायचे, शेणखत आणि माती घालून ठेवायचे आणि दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोप लावायचं. म्हणजे हे काम मावळत्या टीमचं. करंज, कडुनिंब, जांभूळ, वड, बहावा यांतलं जागेप्रमाणे निवडा. शाळेच्या भिंतीला लागून वड लावू नका, आम्ही लावलाय. पाणी कोण घालणार याचं नाव लिहून घेतल्याशिवाय रोप आणू नका. शंभर रोपांचा फोटो सोपा असतो. मार्चमध्ये त्यांतल्या पंचवीस झाडांना टँकर पोचवणं अवघड.

शाळेच्या मदतीत एकच लक्षात ठेवा: जिल्हा परिषदेच्या शाळेत पाठ्यपुस्तकं सरकारकडून मिळतात, त्यामुळे वह्या, दप्तर, कंपास, चपला आणि डोंगरकडच्या शाळांत रेनकोट द्या. यादी बाईंकडून किंवा गुरुजींकडून घ्या आणि साहित्य त्यांच्याच हातून वर्गात जाऊ द्या. पोराला वही हातात धरून अर्धा तास उन्हात उभं करू नका.

गणपती

निर्माल्य गोळा करण्याचं काम दीड दिवसाच्या विसर्जनापासून सुरू होतं, अनंत चतुर्दशीपासून नाही. घाटावर दोन पिंपं ठेवा. एकात फुलं-पानं, दुसऱ्यात प्लास्टिक, दोरे, थर्माकोल. पिंपाशी माणूस उभा नसेल तर तासाभरात दोन्हींत सगळंच असतं. आरती झाल्यावर पिशवी हातातून घेऊन तिथेच सोडायची, घरच्यांशी दोन शब्द बोलायचे. ‘पाण्यात टाकू नका’ असं दरडावलं की लोक पलीकडच्या घाटावर जातात. फुलांचं खत करायला जागा आधीच ठरवा. आमचं पहिल्या वर्षीचं निर्माल्य चार दिवस एका सभासदाच्या गोडाऊनच्या मागे पडून होतं. त्या वासाची आठवण ते अजून मीटिंगमध्ये काढतात.

दिवाळीपासून गाळपापर्यंत

दिवाळीत फराळाची पाकिटं वाटणारे पुष्कळ. आश्रमशाळा, वृद्धाश्रम या ठिकाणी त्या आठवड्यात इतकी मंडळी येतात की पोरांचं पोट बिघडतं. तुम्ही जाणार असाल तर दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी जा आणि आधी फोन करून काय संपलंय ते विचारा. बहुतेकदा तेल, साबण आणि सॅनिटरी पॅड हेच उत्तर येतं.

आमच्या भागात खरं काम याच सुमारास सुरू होतं. कारखान्यांचं गाळप लागतं आणि बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, सोबत लहान पोरं. पुढचे चार-पाच महिने ती माणसं आपल्याच शिवारात राहतात आणि आपल्या गावाच्या कुठल्याच यादीत नसतात.

पहिल्या वर्षी आम्ही टेम्पो भरून ब्लँकेट घेऊन सकाळी अकराला पोचलो. बॅनर, फोटोग्राफर, सगळं होतं. कोप्यांवर होती एक म्हातारी, चार बारकी पोरं आणि एक कुत्रं. बाकीचे पहाटे चारलाच फडात गेले होते. म्हातारी म्हणाली, ‘दादा, दिवसा कोन असतंय हितं?’ आम्ही ब्लँकेट तिच्या ताब्यात देऊन आलो. मग कुणाला दोन मिळाली, कुणाला एकही नाही, आणि त्यावरून टोळीत भांडण झालं ते वेगळंच.

आता पद्धत अशी. आधी बॅनर न घेता दोघं जण जातात, संध्याकाळी सातनंतर, चुली पेटलेल्या असताना. मुकादमाशी बोलायचं, पण कोप्या स्वतः मोजायच्या. काय लागतं ते बायकांना विचारायचं. थंडी आहे म्हणून ब्लँकेट, हा आपला अंदाज. त्यांनी सांगितलेल्या गोष्टी अशा होत्या: पाणी साठवायला झाकणाचा ड्रम, कोपीत टांगायला चार्जिंगचा दिवा, जाड ताडपत्री आणि आंघोळीपुरता आडोसा. चौथी मागणी आम्हाला सात जन्मांत सुचली नसती. चार बांबू आणि हिरवी नेट, एका कोपीमागे खर्च ब्लँकेटपेक्षा कमी.

पोरांसाठी जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. स्थलांतर करणाऱ्या मुलांना मूळ गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं. ते असेल तर इथल्या शाळेत बसवायला अडचण येत नाही. नसेल तर तिकडच्या शाळेला फोन लावून द्या, हे काम क्लबातल्या कुठल्याही निवृत्त शिक्षकाला सांगा, तो खूश होतो. लहानग्यांसाठी अंगणवाडी सेविकेला टोळीचा ठिकाणा कळवा. पोरांना शाळेपर्यंत न्यायची सोय झाली नाही तर बाकीचं सगळं कागदावर राहतं. आमच्याकडे दुधाच्या गाडीवाला सोडतो, त्याला डिझेलचे पैसे देतो.

डोळे

मोतीबिंदूचं शिबिर थंडीत घ्यायची जुनी चाल आहे. आता शस्त्रक्रिया वर्षभर होतात, पण थंडीत लोक येतात, म्हणून आम्हीही डिसेंबर-जानेवारीच धरतो. गावात फक्त तपासणी करायची, शस्त्रक्रिया हॉस्पिटलातच. शाळेच्या वर्गात टेबलं टाकून ऑपरेशन, हा काळ गेला आणि बरंच झालं.

क्रम असा: हॉस्पिटलशी बोलून त्यांना एका खेपेला किती रुग्ण झेपतात ते विचारा, त्यावरून गावं ठरवा. नावं आशाताईंकडून घ्या, त्यांना घरटी माहिती असते. नोंदणी बाजाराच्या दिवशी करा. तपासणीला नाव, गाव आणि मुलाचा किंवा सुनेचा मोबाइल लिहा. म्हाताऱ्यांचे फोन बंद असतात. बीपी आणि शुगर त्याच दिवशी बघितली तर हॉस्पिटलच्या दारातून परत यायची वेळ येत नाही.

आणि तरीही यादीतली माणसं बसजवळ येत नाहीत. भीती हे एक कारण. पण एकदा मी घरोघर जाऊन विचारलं तेव्हा एक आजोबा म्हणाले, ‘ज्वारी दाण्यात आलीय, पाखरं कोन राखणार? तुझा क्लब?’ त्यांना बरोबर माणूस नव्हता आणि शेतात बदली माणूस नव्हता. तेव्हापासून जिरायती गावांना तारीख विचारून देतो आणि बसमध्ये आमचे दोघं जण मुक्कामाला जातात. सोबत कुणी नसलेल्यांना त्यांचा आधार.

शस्त्रक्रियेनंतर खरं काम नव्या सभासदाचं. तीसेक माणसांना फोन: थेंब घालताय का, डोळ्यात पाणी जाऊ देत नाही ना, तपासणीला कधी जाणार. डोळा दुखतोय, लाल झालाय किंवा अंधुक दिसतंय असं कुणी म्हणालं तर ‘होईल बरं’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवून गाडी काढायची.

रक्त

रक्तदान शिबिरं नेत्यांच्या वाढदिवसांना आणि राष्ट्रीय सणांना ढिगाने होतात. साठवण मात्र मर्यादित असते. नेहमीच्या पिशवीतलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. एका दिवशी तीनशे पिशव्या गोळा करून पुढे दोन महिने काहीच नाही, याचा रक्तपेढीला उपयोग कमी. कॉलेजं बंद असतात त्या एप्रिल-मेमध्ये तुटवडा पडतो. क्लबाने तेव्हाच शिबिर घ्यावं. रक्तपेढीला विचारून, त्यांना हव्या तेवढ्याच पिशव्यांचं.

वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५. पुरुषांना दोन वेळांमध्ये तीन महिने, बायकांना चार. उपाशीपोटी कुणी बसू नये. वैशाखात हे विशेष सांगा, कारण उपास असणारे निघतातच. वेळ सकाळी सात ते अकरा. पंखे, पडून राहायला सावलीतली जागा, लिंबू सरबत. बॅग, हेल्मेट असली आमिषं लावू नका. बक्षिसाकडे बघून आलेला माणूस आजार लपवतो. परत पाठवलेल्यांची, विशेषतः हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलींची यादी वेगळी ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवा. आमच्या एका शिबिरात आलेल्या कॉलेजच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त परत गेल्या. त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचा कागद तोच होता, आणि आवराआवर करताना तो कचऱ्यात जाता जाता वाचला.

मे महिन्यात

आता तुम्ही नवे राहिला नाहीत. एक साधी वही घ्या, दोनशे पानी. पालखीला किती ड्रेसिंग लागली, कोणता मुकादम फोन उचलतो, कोणत्या गावाने कोणती तारीख नको म्हटली, दुधाच्या गाडीवाल्याचे किती द्यायचे राहिलेत, सगळं लिहा. जुलैत येणाऱ्या सेक्रेटरींना ती पदग्रहणाच्या दिवशी देऊ नका, हारतुऱ्यांत हरवते. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या घरी जा, चहा प्या आणि वही देऊन त्यांना तसेच शाळेच्या मैदानावर घेऊन चला. खड्डे घ्यायचेत.